अडीच सूत आणि आठ एमएम

(जुन्या मोटरसायकलींविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचे हे सदर. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख नटबोल्ट आणि ब्रेक यांच्याकडेच असल्यामुळे ती पत्रे एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : वडिलांची १९७२ सालची बुलेट ३५० मी पूर्ण खोलून पुन्हा जोडत आहे. जुने बोल्ट गंजले होते, म्हणून नाना पेठेतून स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचा तयार संच आणला. त्यातील काही बोल्ट सहज बसले, पण काही दोन आटे आत जाऊन अडकतात. आमचे मेकॅनिक म्हणतात, सगळ्या भोकांत आठ एमएमचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून घेऊ, म्हणजे पुढची कटकट मिटेल. तसे करावे का?
एक वाचक, पुणे

उत्तर : टॅप फिरवू देऊ नका. बोल्ट दोन आटे जाऊन अडकतो तेव्हा बहुतेक वेळा भोकात घाण नसते. बोल्ट एका पद्धतीचा आणि भोक दुसऱ्या पद्धतीचे असते. आपल्या गाडीत तेच झाले असावे, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली ती इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याच्या आराखड्यांवर. त्या काळच्या इंग्रजी मोटरसायकलींत इंची आट्यांच्या निदान तीन पद्धती एकत्र नांदत असत : जाड आट्यांची व्हिटवर्थ, तिचीच बारीक आट्यांची धाकटी बहीण म्हणावी अशी बीएसएफ, आणि सायकलच्या धंद्यातून मोटरसायकलीत आलेले सायकल आटे, म्हणजे बीएससी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे आणि बीएसएफने तोच घेतला. सायकल आट्यांचा आणि मेट्रिकचा कोन मात्र ६० अंशांचा. पुढे या गाडीत मेट्रिक बोल्टही शिरले. शिवाय मधल्या पन्नास वर्षांत किती मेकॅनिकांनी हाताला लागेल तो बोल्ट पिळून बसवला असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही. म्हणून १९७२ ची गाडी म्हणजे सगळे आटे इंचीच, असेही धरून चालता येत नाही आणि प्रत्येक भोक स्वतंत्रपणे तपासावे लागते.

घोटाळा होतो तो आकार एकमेकांच्या फार जवळ असल्यामुळे. आपल्याकडचे जुने फिटर ज्याला अडीच सुताचा बोल्ट म्हणतात, तो पाच-सोळांश इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर व्यासाचा असतो. आठ एमएमच्या बोल्टपेक्षा तो केवळ सहा-शतांश मिलिमीटरने बारीक आहे आणि हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही. पण अडीच सुताच्या बीएसएफ बोल्टवर इंचाला २२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर १.१५ मिलिमीटर, तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या आठच्या बोल्टवर ते अंतर १.२५ मिलिमीटर असते. दर आट्याला एक-दशांश मिलिमीटरचा फरक साचत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आट्याला बोल्ट जाम होतो. आपला अनुभव नेमका हाच आहे. याहून फसवी जोडी आहे ती अडीच सुताच्या सायकल आट्यांची आणि आठच्या बारीक, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांची. सायकल आटे इंचाला २६, म्हणजे अंतर ०.९८ मिलिमीटर. येथे बोल्ट सहा-सात आटे आनंदाने जातो, मग किंचित जड होतो, आणि आपल्याला वाटते की आता चांगला घट्ट बसला. प्रत्यक्षात तो दोन-तीन आट्यांच्या कडांवर लटकलेला असतो.

आता टॅपविषयी. आठचा टॅप मारण्यापूर्वी भोक ६.८ मिलिमीटरचे पाडतात आणि अडीच सुताच्या बीएसएफ आट्यांसाठीही साधारण तेवढेच पाडतात. याचा अर्थ, आपल्या भोकात आठच्या टॅपला कापायला नवे, अखंड धातू शिल्लकच नाही. जुने आटे ७.९४ पर्यंत कोरलेले आहेतच. टॅप त्यांच्यावरूनच वेगळ्या अंतराने आडवा जाईल आणि मागे राहतील ते अर्धवट कुरतडलेले आटे. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये असे आटे पहिल्यांदा घट्ट केल्यावर टिकल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्यांदा खोलताना बोल्टबरोबर बाहेर येतात. भोकातील आटे खरोखरच गेले असतील, तर भोक मोठे करून त्यात तारेच्या कॉइलचे इन्सर्ट बसवावे आणि ते मूळ पद्धतीच्याच आट्यांचे घ्यावे. अशी इन्सर्ट इंची मापांतही बनतात.

मोजण्यासाठी व्यास सांगणारा व्हर्नियर आणि आट्यांतील अंतर ताडून पाहण्याच्या पात्यांचे पिच गेज ही दोन साधने पुरेशी आहेत, पण गेज नुसते टेकवून समाधान मानू नये. इंचाला २६ आटे आणि एक मिलिमीटर अंतर यांतील फरक पाच-सहा आट्यांत कळतच नाही. दोन्ही पाती बसल्यासारखी दिसतात. आधी व्यास मोजावा. दोन सुताचा बोल्ट ६.३५ मिलिमीटर आणि सहाचा ६.०० किंवा त्याहून किंचित कमी, त्यामुळे तेथे व्यासावरूनच निर्णय होतो. अडीच सुताच्या बाबतीत व्यास साथ देत नाही, म्हणून शक्य तितक्या लांब बोल्टवर गेज धरून उजेडाकडे पाहावे. सर्वांत चांगले गेज म्हणजे त्या भोकातून निघालेला मूळ बोल्ट, मग तो कितीही गंजलेला असो. तो टाकून दिला असेल, तर आपण आपला नकाशाच टाकून दिला आहे. राहिलेल्या भागांचे बोल्ट निदान आता तरी वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी लावून ठेवावेत.

बोल्टच्या डोक्यावरूनही थोडा अंदाज येतो. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेले माप डोक्याचे नसून बोल्टच्या व्यासाचे असते, त्यामुळे पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटरचा भरतो आणि तोच पाना अडीच सुताच्या बीएसएफ बोल्टला लागतो. मेट्रिकचा तेराचा पाना तेथे बसत नाही आणि चौदाचा ढिला पडतो. जुन्या बुलेटच्या बोल्टची डोकी गोल झालेली दिसतात ती या चौदाच्या पान्याची कृपा आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात चिकाटीने विचारल्यास इंची बोल्ट मिळू शकतात. न मिळाल्यास चांगल्या टर्नरकडून ते बनवून घ्यावेत, मात्र कशापासून बनवायचे हे आपण सांगावे. ईएन ८ हे पोलाद साध्या कामांना चालते. चाक, ब्रेक आणि फोर्क यांच्यासाठी कठीण केलेले ईएन २४ मागावे. लेथवर पडलेल्या कोणत्याही सळीचा बोल्ट करून देणारे कारागीर मनाने वाईट नसतात, पण तो बोल्ट कोठे बसणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न : माझी येझदी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी असते. साधे बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतात. गाडीला सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट लावले, तर काही बिघडते का? काही जण म्हणतात की स्टेनलेस कच्चे असते, काही म्हणतात तेच सर्वांत भारी.
एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपले काम पुण्याच्या वाचकांपेक्षा सोपे आहे, कारण मूळ जावाच्या चेक आराखड्यांवर म्हैसूरला बनलेली आपली गाडी मेट्रिक मापांची आहे. त्यामुळे प्रश्न फक्त धातूचा उरतो.

मेट्रिक पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे उठवलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताणाला बोल्ट तुटेल ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा लांबेल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबतो. स्टेनलेसवर बहुधा ए२-७० असे लिहिलेले असते : तुटण्याचा आकडा ७००, पण लांबण्याचा फक्त ४५०. आणि ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, तो ४.६ च्या दर्जाचा, म्हणजे २४० ला लांबणारा आहे असे समजून वागावे. आठ एमएमच्या बोल्टला हे आकडे लावले, तर लांबू लागण्यापूर्वी ८.८ चा बोल्ट सुमारे २,४०० किलो भार पेलतो, स्टेनलेसचा सुमारे १,७०० आणि निनावी बोल्ट जेमतेम ९००. तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक अर्धे बरोबर आहेत. हार्डवेअरच्या दुकानातल्या निनावी बोल्टपेक्षा स्टेनलेस नक्कीच सरस आहे, पण कंपनीने जेथे ८.८ किंवा त्याहून वरचा बोल्ट दिला आहे तेथे ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

मी स्वतः निवड करताना एकच प्रश्न विचारतो : हा बोल्ट रस्त्यात तुटला, तर काय होईल? मडगार्ड खडखडेल, नंबरप्लेट लोंबेल, साइड कव्हर पडेल, असे उत्तर आले, तर तेथे स्टेनलेस खुशाल लावावे. चाक, ब्रेक, हँडल, फोर्क, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा), इंजिनाचे माउंटिंग आणि फूटरेस्ट यांपैकी काही निखळणार असेल, तर तेथे आकडा असलेला पोलादी बोल्टच हवा, मग तो दर दोन पावसाळ्यांनी बदलावा लागला तरी चालेल. बोल्टचा खर्च या सगळ्या उद्योगात नगण्य असतो.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा बसवला आणि त्यात खारट ओल गेली, तर गंजते ते अ‍ॅल्युमिनियम. बोल्ट चकचकीत राहतो आणि भोकात पांढरी भुकटी होऊन तो कायमचा चिकटतो. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर वेगाने पिळला, तरी दोन्हींचे पृष्ठ एकमेकांत रुतून ते जागीच जाम होतात, इतके की शेवटी कापावे लागतात. दोन्ही ठिकाणी आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे आणि हाताने सावकाश फिरवावे. अँटी-सीझ लावलेल्या आट्यांवर घर्षण कमी होत असल्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, थोडा कमी ठेवावा. संदर्भासाठी सांगतो, ८.८ चा सहाचा बोल्ट कोरडा असताना सुमारे १० न्यूटन-मीटर आणि आठचा सुमारे २५ न्यूटन-मीटर घेतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात आणि स्टेनलेसच्या बोल्टला त्याहून कमी.

पोलादी बोल्ट चमकवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी १२.९ चे काळे अ‍ॅलन बोल्ट एका प्लेटिंगच्या दुकानात देऊन क्रोम करून आणले आणि हँडलच्या क्लॅम्पला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली फरशीवर एका बोल्टचे डोके पडलेले होते. गाडी रात्रभर जागची हललीही नव्हती. अ‍ॅसिडच्या आणि मुलाम्याच्या टाकीत अतिकठीण पोलादात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होते आणि ताण दिल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटतो. मुलामा देताच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजून हा हायड्रोजन काढतात, पण कोपऱ्यावरचे दुकान ते करत नाही आणि ते करायला सांगितले पाहिजे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. ८.८ पर्यंतच्या बोल्टला जस्ताचा मुलामा निर्धास्तपणे चालतो. आपण कंपनीतूनच पिवळ्या किंवा पांढऱ्या जस्ताच्या मुलाम्याने आलेले ८.८ चे बोल्ट घ्यावेत आणि बसवल्यावर डोक्यांना थोडे मेण किंवा ग्रीस पुसावे.

प्रश्न : माझ्या राजदूत ३५० चा मागचा ब्रेक दाबला की पहिल्या क्षणी ‘कट्’ असा आवाज येतो आणि मग ब्रेक नीट लागतो. शू, ड्रम, बेअरिंग सगळे नवे आहे. हा आवाज कोठून येत असेल?
एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रेक प्लेटपासून, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या तबकडीपासून, स्विंगआर्मपर्यंत जी चपटी पट्टी गेलेली आहे, तिची दोन्ही टोकांची भोके पाहा. ती लांबट झालेली असतील आणि त्यांतील बोल्टवर कड उमटली असेल, अशी माझी खात्री आहे.

शू ड्रमला आतून घट्ट धरतात तेव्हा ड्रम त्या शूंना, आणि शूंबरोबर संपूर्ण ब्रेक प्लेटला, आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला रोखून धरणारी ही एकच पट्टी असते, जिला टॉर्क आर्म म्हणतात. म्हणजे मागचा ब्रेक जितका जोर लावतो, तो सगळा जोर शेवटी या पट्टीच्या दोन बोल्टवर येतो. पट्टी सुटली, तर प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची सळी ओढून गुंडाळते आणि चाक जागच्या जागी जाम होते. पूर्ण गाडीत इतक्या साध्या दिसणाऱ्या भागावर इतकी जबाबदारी क्वचितच असेल, आणि रंगकामानंतर गाडी जोडताना सर्वांत निष्काळजीपणे लावला जाणारा भागही बहुधा हाच.

येथे फुल थ्रेडचा, म्हणजे डोक्यापर्यंत आटे असलेला, बोल्ट कधीही घालू नये. आट्यांच्या खाचांमुळे बोल्ट भोकात ढिला बसतो, आट्यांच्या कडा भोकाला कानशीसारख्या घासतात, आणि कातरणारा जोर नेमका सर्वांत बारीक जागी येतो. ज्याचा सपाट, बिनआट्यांचा भाग पट्टी आणि ती जेथे अडकते त्या कानाच्या जाडीतून पूर्ण आरपार जाईल असा हाफ थ्रेडचा, किमान ८.८ चा बोल्ट घ्यावा. लांबी जास्त वाटली तर आटे कापावेत, सपाट भाग नव्हे. मूळ गाडीत या ठिकाणी स्प्लिट पिन असते. ती जुनी सरळ करून पुन्हा घालू नये. दर वेळी नवीन घ्यावी. बोल्टला पिनेचे भोक नसेल, तर नायलॉक नट चालतो, पण तोही एकदा खोलल्यावर बदलावा. (हाच नट सायलेन्सरच्या किंवा सिलिंडरच्या जवळ वापरू नये, कारण त्यातील नायलॉनचे कडे साधारण १२० अंशांच्या पुढे निकामी होते.) लांबट झालेली भोके वेल्डिंगने भरून पुन्हा पाडण्यापेक्षा पट्टी नवीन घ्यावी. स्विंगआर्मवरच्या कानाचे भोक झिजले असल्यास त्यात टर्नरकडून पोलादी बुश बसवून घ्यावे.

प्रश्न : राजदूत ३५० च्याच पुढच्या ब्रेकविषयी विचारायचे आहे. जपानमधल्या गाडीला डिस्क होती आणि आपल्याकडे ड्रम दिला, हे वाचून आहे. नवे शू घालूनही ब्रेक लाकडासारखा लागतो. सरळ दुसऱ्या गाडीची डिस्क बसवून घ्यावी असे मित्र सुचवतात. आपले मत काय?
एक वाचक, नाशिक

उत्तर : माझे मत असे की, आधी ड्रमला एक प्रामाणिक संधी द्यावी, कारण नवे शू आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ही गाडी आणली तेव्हा तिला पुढे जोडकॅमचा, ज्याला ट्विन लीडिंग शू म्हणतात तसा, ड्रम ब्रेक दिला. साध्या ड्रममध्ये एक कॅम, म्हणजे फिरून शू फाकवणारा तुकडा, दोन्ही शू उघडतो. त्यांपैकी एक शू ड्रमच्या फिरण्याने आपोआप अधिक दाबला जातो आणि दुसरा मागे ढकलला जातो. जोडकॅमच्या रचनेत दोन्ही शूंना स्वतंत्र कॅम असल्यामुळे पुढे जाताना दोन्ही आपोआप दाबले जातात. हा ब्रेक चांगला जुळवलेला असेल, तर आजही पुरेसा आहे. पण दोन्ही शू एकाच क्षणी टेकले तरच हा फायदा मिळतो आणि आपल्याकडे शेकडा नव्वद गाड्यांत (हा मोजलेला आकडा नव्हे, माझी चिडचिड आहे) दोन कॅमना जोडणारी सळी कोणीच जुळवलेली नसते. ती सळी मोकळी करावी, केबलकडचा कॅम शू टेकेपर्यंत फिरवून धरावा, दुसरा कॅम हाताने फिरवून त्याचा शू टेकू द्यावा आणि त्या स्थितीत सळीची लांबी जुळवून लॉकनट आवळावा. मग एक्सलचा नट किंचित ढिला करावा, चाक फिरवून ब्रेक जोराने दाबून धरावा आणि तसाच धरून नट आवळावा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. एवढ्यानेच फरक पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

लाकडासारखा स्पर्श मात्र बहुधा शूच्या गोलाईतून येतो. ड्रम वर्षानुवर्षे झिजून किंवा लेथवर घासून मोठा झालेला असतो आणि नवा शू मूळ मापाचा असतो. परिणामी लायनरचा, म्हणजे शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या थराचा, फक्त मधला पट्टा टेकतो. लायनरवर खडू फासून ब्रेक लावून चाक फिरवावे आणि शू काढून खडू कोठे पुसला गेला ते पाहावे. मध्येच पुसला असेल, तर किंचित जाड लायनर लावून, शू प्लेटवरच बसवून, लेथवर ड्रमच्या मापाला गोल करून घ्यावेत. त्याआधी ड्रम गोल आहे का ते तपासणे आवश्यक आहे. येथे एक गोष्ट टर्नरलाही सांगावी लागते : ड्रम घासायचा तो स्पोक आवळून रिम सरळ केलेल्या चाकासकट. मोकळा हब लेथवर अगदी गोल करून आणला, तरी नंतर स्पोकच्या ताणाने तो पुन्हा किंचित वेडावाकडा होतो. अठरा इंची चाक फिरेल एवढे मोठे लेथ प्रत्येक गल्लीत नसते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी चौकशी केल्यास असे काम करणारे मिळतात. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असेल, तर त्याच्या पुढे घासू नये.

शू विकत घेताना खोक्यावरच्या नावापेक्षा वस्तू पाहावी. लायनर आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये कडेने नख फिरवावे. कोठे फट लागली किंवा टिचकी मारल्यावर आवाज एका जागी बद्द आला, तर चिकटवण नीट झालेले नाही. पिव्होटच्या खोबणीचे आणि कॅम टेकतो त्या टोकाचे माप जुन्या शूशी ताडून पाहावे. वर्षानुवर्षे गोदामात पडलेले ‘कंपनीचे जुने’ शू लोक दुप्पट किमतीला आनंदाने घेतात. धातूचा भाग उत्तम असतो यात शंका नाही, पण लायनरला धरून ठेवणारा गोंदही तेवढाच जुना झालेला असतो. असे शू घेतलेच, तर लायनर नवीन चिकटवून घ्यावेत. लायनर फार कडक घेऊ नये. टिकतो फार, पण ड्रम खातो आणि आपल्याला नको असलेला तोच लाकडी स्पर्श देतो. केबलही नवीन, जाड आवरणाची घ्यावी, आणि ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि कॅमचा लिव्हर यांच्यामध्ये काटकोन होईल अशा खाचेवर लिव्हर बसवावा.

इतके करूनही डिस्कच हवी असेल, तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. फोर्कच्या खालच्या नळीवर कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) धरणारे कान ओतीव नसतील, तर तेथे वेल्डिंग करून कान लावणे मला मान्य नाही. एकाच गाडीचा फोर्क, चाक, डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर (हँडलवरून ब्रेकचे तेल दाबणारा) असा अख्खा संच घ्यावा. मास्टर सिलिंडर एका गाडीचा आणि कॅलिपर दुसऱ्या गाडीचा घेतला, तर पिस्टनांच्या आकारांचे प्रमाण बिघडते आणि लिव्हर एकतर दगडासारखा लागतो, नाहीतर हँडलपर्यंत येतो. तेलाच्या नळीच्या पोकळ बोल्टबाबतही जपावे. जपानी पद्धतीच्या ब्रेकमध्ये तो सहसा दहा एमएमचा, १.२५ अंतराच्या आट्यांचा असतो, आणि १.०० अंतराचे बोल्टही बाजारात त्याच डब्यात पडलेले असतात. आठच्या बोल्टची जी कथा वर सांगितली तीच येथे घडते. फरक इतकाच की या वेळी आटे सुटल्यावर ब्रेकचे तेल बाहेर येते. त्या बोल्टच्या दोन्ही तांब्याच्या चकत्या दर वेळी नव्या घालाव्यात आणि डॉट ३ किंवा डॉट ४ चे तेल दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीपुस्तकातील माहिती उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तीही चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसल्यासच. १९८३ च्या गाडीला त्या मुदतीपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत मूळ ड्रम, प्लेट आणि चाक निदान कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावे, भंगारात देऊ नये.

प्रश्न : जुन्या गाडीचा ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवतो, ते चालते का?
एक वाचक, अकोला

उत्तर : चालत नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत; त्यातून होणारे आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतात. कोरडा ब्रशही वापरू नये आणि लायनरला कोरडा पॉलिश पेपर मारू नये. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून धूळ आधी भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. चांगला मास्क लावावा आणि ज्या अंगणात मुले खेळतात तेथे हे काम करू नये. पुसून झाल्यावर ड्रमच्या आत बेअरिंगच्या बाजूने ग्रीसचा ओघळ दिसला, तर लायनर कितीही जाड उरलेले असले तरी तो शू बाद समजावा. पेट्रोलने धुतलेला लायनर वरून कोरडा दिसतो आणि गरम झाला की आतले ग्रीस पुन्हा वर येते. शू बदलण्याआधी बेअरिंगजवळचे, ग्रीस अडवणारे ऑइल सील बदलावे.